दुसऱ्या बाळंतपणासाठी घेतलेली दूरस्थ मानसोपचार सेवा

पहिल्या बाळंतपणानंतर ज्या स्त्रीला नैराश्य आले होते, तिने दुसऱ्या खेपेला फोनवरून आणि व्हिडिओवरून मिळणारी मानसोपचार सेवा घ्यावी का, आणि घ्यायची तर पैसे भरण्यापूर्वी त्या सेवेत काय तपासावे, एवढ्यापुरतेच हे परीक्षण आहे. मी भांडुपला राहते, नोकरी करते, आणि दुसऱ्या मुलीच्या वेळी सातव्या महिन्यापासून तिचा पहिला वाढदिवस होईपर्यंत अशी एक सशुल्क सेवा मी वापरली. तिचे नाव इथे देत नाही. तिच्याविषयी माझ्या काही तक्रारी आहेत, आणि याच धर्तीच्या सेवा आता इतक्या झाल्या आहेत की एकीचे नाव घेऊन बाकीच्यांना सोडून देण्यात अर्थ नाही. कुठल्याही सेवेला लावता येतील अशा कसोट्या मांडणे वाचणारीला जास्त उपयोगाचे ठरेल.

माझे मत आधीच सांगून टाकते. ही सेवा घेण्यासारखी आहे, पण जाहिरातीत जे कारण दिलेले असते त्या कारणासाठी नाही. ‘घरबसल्या, तुमच्या सोयीने, हवे तेव्हा बोला’ हे वाक्य थोड्याफार फरकाने सगळीकडे आढळते. ज्या बाईने हा आजार एकदा काढला आहे तिला पक्के ठाऊक असते की त्या दिवसांत ‘हवे तेव्हा’ असे काही उरलेलेच नसते; आपणहून फोन उचलून कुणाचा तरी नंबर लावण्याची इच्छा आजाराने सर्वांत आधी हिरावून घेतलेली असते. त्यामुळे माझ्या लेखी या सेवेची किंमत एकाच गोष्टीवर ठरते: आपण गप्प झालो तर तिकडून कुणाचा फोन येतो का, आणि तो करणाऱ्या व्यक्तीला आपला मागचा इतिहास माहीत असतो का.

मागचा इतिहास थोडक्यात असा. पहिल्या मुलीनंतर रडू येणे, झोप न लागणे, बाळाला उचलून घेतले की हात कापणे हे सुरू झाले, तेव्हा घरात कुणी रक्त कमी झाले म्हणाले, कुणी बाळंतवारा म्हणाले, आणि दृष्टही काढून झाली. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मन हळवे होणे बहुसंख्य बायकांच्या वाट्याला येते आणि ते आपोआप ओसरते. तेच दोन आठवड्यांपलीकडे टिकले किंवा वाढत गेले, तर तो आजार समजून उपचार घ्यावे लागतात. ही साधी रेघ त्या वेळी आम्हाला कुणी आखून दिली नव्हती. शेवटी महापालिकेच्या एका रुग्णालयातील मानसोपचार विभागात माझ्यावर उपचार झाले आणि ते चांगले झाले; पण त्यासाठी तान्ह्या मुलीला घेऊन सकाळची लोकल पकडायची, केसपेपरच्या रांगेत उभे राहायचे, आणि नंबर लागेपर्यंत बाकावर पदराआड तिला पाजत बसायचे, हे दर खेपेला करावे लागे. भारतातील 38 अभ्यासांचा एकत्रित आढावा 2017 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाला, त्यात प्रसूतीनंतरच्या नैराश्याचे प्रमाण सुमारे 22 टक्के निघाले होते, म्हणजे पाच बाळंतिणींमागे एकीहून थोडे जास्तच. आणि जिला ते एकदा झाले तिला पुढच्या बाळंतपणात पुन्हा होण्याचा धोका इतरांपेक्षा बराच अधिक असतो, हे दुसऱ्यांदा दिवस राहिल्यावर आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनीच बजावले.

सेवेचे स्वरूप साधे होते. एक ठरलेली मानसशास्त्रज्ञ, तिच्याबरोबर बाळंतपणापर्यंत दर आठवड्याला आणि नंतर पंधरवड्याने पाऊण तासाचे व्हिडिओ सत्र. गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचा वेगळा सल्ला. मधल्या काळात ॲपवर निरोप ठेवण्याची सोय. आणि दर पंधरा दिवसांनी भरायची एक प्रश्नावली.

यात पैसे खऱ्या अर्थाने वसूल झाले ते बाळ जन्माला येण्यापूर्वीच. आजार नसताना समुपदेशन कशाला, असे घरी विचारले गेले, आणि तो प्रश्न रास्तच होता. अमेरिकेतील प्रतिबंधक आरोग्यसेवांविषयी शिफारशी करणाऱ्या तज्ज्ञगटाने 2019 मध्ये असे सुचवले की ज्या गरोदर आणि बाळंत स्त्रियांना नैराश्याचा धोका जास्त आहे, आणि पूर्वी नैराश्य येऊन गेलेल्या स्त्रिया त्यात येतातच, त्यांना आजाराची वाट न पाहता समुपदेशनाकडे पाठवावे; विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणारी, सीबीटी म्हणून ओळखली जाणारी पद्धत आणि नातेसंबंधांवर भर देणारी उपचारपद्धती या दोहोंचा उपयोग होतो असे त्यांना आढळले होते. आमच्या मानसशास्त्रज्ञ बाईंचे काम याच वळणाचे होते. सुरुवातीची सत्रे त्यांनी केवळ मागच्या वेळचे आठवून घेण्यात घालवली, आणि तीही पुस्तकातली लक्षणे वाचून दाखवत नाही, तर माझ्या बाबतीत नेमके काय दिसत होते ते खोदून खोदून विचारत. बहिणीचा फोन वाजत राहू देणे, बाळ झोपलेले असताना जागे राहून गॅसचे बटण पुन्हा पुन्हा पाहून येणे, डिंकाचा लाडू बशीत तसाच ठेवून देणे, अशी एक यादी त्यातून तयार झाली.

त्यानंतर घरातल्या माणसांचे सत्र होते. सासूबाई स्क्रीनसमोर बसायला राजी नव्हत्या. डॉक्टरसमोर आपली झडती होणार असे त्यांना वाटत असावे. बाईंनी त्यांना एवढेच विचारले की मागच्या वेळी हिला बरे नाही हे घरात सर्वांत आधी कुणाच्या लक्षात आले. थोडा वेळ त्या बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, “ही भांडी घासताना नळ तसाच सोडून उभी राहायची. हाक मारली तरी कळायचे नाही. मला वाटायचे, माझ्यावर राग आहे हिचा.” ही गोष्ट मला स्वतःला माहीत नव्हती. सासूबाईंचा नळ यादीत सर्वांत वर गेला, आणि ती यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली गेली: डाव्या बाजूला काय दिसेल, उजव्या बाजूला ते दिसल्यावर कोण काय करील. रात्री दहा ते तीन माझी सलग झोप, त्या वेळचे पाजणे मी काढून ठेवलेल्या दुधावर नवऱ्याने वाटी-चमच्याने भागवायचे, हेही त्याच कागदावर होते. झोप मोडणे हे माझ्यासारख्या बाईच्या बाबतीत आजाराचे लक्षणही असते आणि तो बळावण्याचे कारणही, असे बाईंनी नवऱ्याला समजावून सांगितले तेव्हा त्याने ती वेळ नेमून घेतली. एरवी ‘मदत करीन’ असे मोघम आश्वासन मिळाले असते.

आणखी एक प्रश्न त्यांनी प्रसूतीपूर्वीच काढला, जो दुसऱ्या कुणी विचारला नसता: “पहिली मुलगी आहे. आता मुलगाच व्हावा, असे घरात किंवा नात्यात कुणी बोलते का?” गोव्यातील मातांच्या पाहणीवर 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे 23 टक्के मातांना नैराश्य आढळले होते, आणि गरिबी व नवऱ्याशी बिघडलेले संबंध यांच्या जोडीला मुलगी झालेली असणे हाही त्यात धोक्याचा घटक ठरला होता. आमच्या घरात उघडपणे कुणी बोलत नव्हते. आत्याबाईंचे ‘यंदा पेढे हं’ मात्र दर फोनला असे. दुसरी मुलगीच झाली. आत्याबाईंचा फोन नवऱ्याने घ्यायचा, असे आधीच ठरलेले होते आणि त्याने तो घेतला. एवढ्या बारीक गोष्टीला उपचार म्हणावे का, अशी शंका वाचणाऱ्याला येईल. मला त्या आठवड्यात ती आली नाही.

बाळंतपणासाठी मी नायगावला माहेरी गेले. सव्वा महिना बाहेर पडायचे नाही, मालिश, शेक, धुरी, अळिवाची खीर, सगळे रीतसर. दूरस्थ सेवेची सोय या काळात जितकी कळते तितकी एरवी कळत नाही, कारण परळ किंवा शीवची मोठी रुग्णालये इथून हाकेच्या अंतरावर असली तरी सव्वा महिन्याच्या आत बाळंतिणीने ओपीडीच्या गर्दीत जाऊन बसावे हे कुणाच्याच आईच्या गळी उतरत नाही. पण याच काळात या सेवेचे सर्वांत मोठे वैगुण्यही दिसते, आणि ते या शहराचे आहे. दहा बाय सोळाच्या खोलीत आई, बाबा, भाऊ, थोरली मुलगी, मी आणि बाळ. पाठीमागे कुकरच्या शिट्ट्या. बाहेर गॅलरीत शेजारच्या काकू तांदूळ निवडत बसलेल्या. या खोलीत ‘आईविषयी काय वाटते’ याचे उत्तर कोण देईल? सेवेच्या जाहिरातीतली तरुणी मोठ्या खिडकीपाशी एकटीच मग घेऊन बसलेली असते. मुंबईत त्या खिडकीचे भाडे किती होते हे जाहिरात करणाऱ्यांनी एकदा विचारून पाहावे.

बाईंनी यावर काढलेले उपाय सोपे होते, पण ॲपच्या आराखड्यात त्यांना कुठेही जागा नव्हती. सत्र दुपारी, आई पाणी भरून आडवी होई आणि थोरली शाळेतून यायची असे त्या तासात. इअरफोन लावून प्रश्न त्यांनी विचारायचे आणि मी ‘हो’, ‘नाही’, ‘कालपेक्षा जास्त’ एवढेच बोलायचे. जे मोठ्याने सांगता येत नाही ते टाइप करायचे. पाजत असताना कॅमेरा बंद. अशा अर्ध्या बोललेल्या, अर्ध्या टाइप केलेल्या सत्रांतूनही काम होते, हे मी अनुभवाने सांगू शकते. पण ते मानसशास्त्रज्ञाच्या तयारीवर अवलंबून राहते. सेवा घेण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा: घरात एकांत मिळत नसेल तर तुम्ही सत्र कसे घेता? ज्यांच्याकडे उत्तर तयार नसेल त्यांनी मुंबईतल्या बाळंतिणींबरोबर फारसे काम केलेले नाही असे समजायला हरकत नाही.

आता प्रश्नावलीविषयी. एडिंबरो मोजपट्टी या नावाने ती जगभर वापरली जाते. 1987 मध्ये ती प्रथम प्रसिद्ध झाली. मागील सात दिवसांविषयीचे 10 प्रश्न, प्रत्येकाला 0 ते 3 गुण, एकूण 30. ती चाळणीपुरतीच असते, निदान डॉक्टरांनीच करायचे, हे सेवेने स्पष्ट सांगितले होते, हे चांगले. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो, आणि बेरीज कितीही कमी असली तरी त्या एका प्रश्नाचे उत्तर ‘कधीच नाही’ याखेरीज दुसरे काही आले तर माणसाने माणसाशी ताबडतोब बोलले पाहिजे. पहिल्याच सत्रात बाईंनी विचारून ठेवले होते: अशा वेळी मी कुणाला फोन करू, आणि तुमच्या घरापासून जवळचे, चोवीस तास चालू असलेले रुग्णालय कोणते? माहेरी गेल्यावर त्यांनी दोन्ही उत्तरे बदलून घेतली.

पण या दक्षतेला सेवेच्या व्यवस्थेची साथ नव्हती. शनिवारी दुपारनंतर भरलेली प्रश्नावली सोमवार सकाळपर्यंत कुणीही वाचत नाही, हे मला मी मुद्दाम विचारल्यावर कळले. ॲपवर हे कुठेही लिहिलेले नाही. उलट फॉर्म पाठवला की लगेच हिरवी खूण उमटते आणि ‘आम्ही तुमच्यासोबत आहोत’ असे वाक्य येते. शनिवारी मध्यरात्री बाळाला खांद्यावर घेऊन ते वाक्य वाचणाऱ्या बाईला पलीकडे कुणीतरी जागे आहे असे वाटणारच, आणि तसे नसणे ही माझ्या मते या सेवेतील सर्वांत गंभीर त्रुटी आहे. मी लेखी तक्रार केली. ‘सूचनेची नोंद घेतली आहे’ असे उत्तर आले, ॲप मात्र तसेच राहिले.

ही पोकळी भरून निघते ती सरकारी सेवेने, आणि तीही फुकट. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू झाली. 14416 हा तिचा क्रमांक चोवीस तास चालतो, मराठी निवडता येते, प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतात आणि गरजेनुसार पुढे तज्ज्ञांकडे जोडून देतात. बंगळुरूची निम्हान्स ही मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था तिच्या केंद्रस्थानी आहे. देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेची आय-कॉल ही समुपदेशन सेवाही 2012 पासून चालू आहे आणि मुंबईत ती अनेकांच्या परिचयाची आहे. ज्या कुटुंबाला पॅकेजचे पैसे परवडणार नाहीत त्यांनी ‘आपल्यासाठी काही नाही’ असे समजू नये. फरक एवढाच, की हेल्पलाइनला फोन आपण करायचा असतो. आणि तिथे दर वेळी आपल्याला आधीपासून ओळखणारीच व्यक्ती भेटेल असे गृहीत धरता येत नाही. पूर्वी हा आजार होऊन गेलेल्या बाईने म्हणूनच तो क्रमांक स्वतःच्या फोनपेक्षा नवऱ्याच्या, आईच्या, बहिणीच्या फोनमध्ये आधी साठवून द्यावा. आमच्या कपाटातल्या यादीत तो उजव्या बाजूला तळाशी होता.

तिकडून येणाऱ्या फोनचे महत्त्व मला कळले ते बाळ दीड महिन्याचे असताना. मी पुन्हा भांडुपला आले होते. ठरलेली सत्रे मी ‘आज जमणार नाही, बाकी सगळे ठीक’ असा निरोप टाकून पुढे ढकलली होती. ॲपच्या दृष्टीने हे नियमाला धरूनच होते. वेळेआधी कळवले की सत्राचे पैसेही बुडत नाहीत. बाईंनी मात्र ॲप बाजूला ठेवून साधा फोन केला. त्या म्हणाल्या, “जमत नसेल तर नको, त्याचे काही नाही. मला एकच सांगा, बहिणीचा फोन शेवटचा कधी घेतलात?” मला उत्तर देता आले नाही. त्यांनी आणखी काही विचारले नाही. आधी ठरल्याप्रमाणे नवऱ्याला फोन करीन, एवढे सांगितले आणि केला. दुसऱ्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञांची वेळ मिळाली. पहिल्या खेपेला या टप्प्यापर्यंत पोहोचायला आम्हाला कित्येक महिने लागले होते.

डॉक्टरांचा सल्ला व्हिडिओवर झाला. भारतात 25 मार्च 2020 रोजी दूरवैद्यकाविषयीची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली, तेव्हापासून नोंदणीकृत डॉक्टर अशा प्रकारे तपासून औषध लिहून देऊ शकतात. चिठ्ठीवर त्यांचा नोंदणी क्रमांक असावा लागतो, आणि अमली पदार्थविषयक कायद्यात मोडणारी औषधे अशा सल्ल्यावर देता येत नाहीत. आमच्या डॉक्टरांनी औषधाआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यायला सांगितले, कारण रक्तक्षय आणि बाळंतपणानंतर बिघडणारे थायरॉइड यांची लक्षणे नैराश्यासारखीच दिसू शकतात. घरी येऊन रक्त नेणारी प्रयोगशाळा आता गल्लीबोळात आहे, तेव्हा ही अडचण राहिली नाही. मग सर्ट्रालिन हे नैराश्यावरचे औषध कमी मात्रेत सुरू झाले. आईच्या दुधात हे औषध फार कमी प्रमाणात उतरते, त्यामुळे अंगावर पाजणाऱ्या स्त्रीसाठी त्याचा विचार बहुधा आधी होतो, हे डॉक्टरांनी घाई न करता, नवऱ्याला शेजारी बसवून सांगितले. तरी हा निर्णय ज्याच्या त्याच्या डॉक्टरांचा. मला चालले म्हणून कुणी ती गोळी आणून घेऊ नये.

दूरस्थ सेवा जिथे संपते तिथे आपली लोकवस्ती सुरू होते, हे औषध आणताना कळते. चिठ्ठी फोनवर पीडीएफ म्हणून आलेली. स्टेशनाबाहेरच्या केमिस्टने ती दोन बोटांनी मोठी करून पाहिली आणि रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “ही गोळी बाळंतिणीला? नक्की?” नवऱ्याने डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक दाखवला, दुसऱ्या दिवशी चिठ्ठीची छापील प्रत नेऊन दिली, आणि पुढे कधी प्रश्न आला नाही. सेवेने चिठ्ठी घरी कुरिअरने पाठवण्याचा पर्याय ठेवायला हवा. तान्हे बाळ घेऊन मी स्वतः त्या काउंटरपाशी उभी असते तर गोळी न घेताच परतले असते, असे मला अजून वाटते.

या सेवेची सीमा कुठे आहे तेही स्पष्ट सांगितले पाहिजे. बाळंतपणानंतर हजारात एखाददुसऱ्या स्त्रीला जो तीव्र मनोविकार होतो, ज्यात भास होतात, भलतेच संशय येतात, झोपेची गरजच वाटेनाशी होते, त्यात व्हिडिओ सत्राला स्थान नाही. थेट रुग्णालय गाठावे लागते. बाळाला आईपासून तोडतील या भीतीने घरचे लोक अशा वेळी मागे राहतात. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मानसिक उपचारांसाठी दाखल केलेल्या स्त्रीचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे तिच्यापासून वेगळे करता येत नाही, आणि निम्हान्समध्ये तर आई व बाळाला एकत्र ठेवणारा स्वतंत्र विभाग 2009 पासून आहे. माझ्या सेवेच्या माहितीपत्रकात यातले काहीच नव्हते. ‘तातडीच्या प्रसंगी जवळच्या रुग्णालयाशी संपर्क साधा’ या एका ओळीवर त्यांनी सगळे भागवले होते.

आता दुसरी मोठी तक्रार. बाळ आठ महिन्यांचे असताना ॲपवर एक सूचना आली: ‘तुमच्या तज्ज्ञांत बदल झाला आहे.’ बाई सेवा सोडून गेल्या होत्या. निरोपाचे सत्र नाही, कारण नाही, की नव्या तज्ज्ञांची ओळख नाही. नव्या बाईंचे पहिले वाक्य होते, “हं, तर सांगा, काय त्रास होतोय?” त्यांच्यापुढे माझी फाइल होती, पण ती उघडून पाहण्याइतका वेळ त्यांना दिलेला नव्हता, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले, त्यांचा दोष नाही. मात्र पूर्वेतिहास असलेल्या रुग्णाकडून वर्षाचे पैसे आगाऊ घ्यायचे ते सातत्याच्या नावावर, आणि ते सातत्यच असे एका सूचनेत संपवायचे, हे व्यवहाराला धरून नाही. पैसे भरण्यापूर्वी तज्ज्ञ बदलल्यास काय होईल हे लेखी विचारावे, आणि पूर्ण वर्षाऐवजी तिमाहीचे पॅकेज घ्यावे.

तज्ज्ञ कोण आहे हेही पाहावे. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते आणि मानसोपचारतज्ज्ञाची वैद्यक परिषदेकडे. ‘कोच’, ‘वेलनेस एक्स्पर्ट’ असल्या पाट्यांमागे बहुधा यांपैकी काहीच नसते. माझ्या सेवेने नोंदणी क्रमांक विचारताच दिला. मराठी बोलणारी तज्ज्ञ मिळायला थोडी वाट पाहावी लागली, पण ती पाहण्यासारखी होती; सासूबाईंचे ते सत्र हिंदीत किंवा इंग्रजीत झालेच नसते.

खर्चाचे म्हणाल तर एका सत्राला साधारण दीड हजार रुपये पडतात, डॉक्टरांचा सल्ला वेगळा. मध्यमवर्गीय घराला हे जड जाते, विशेषतः बाळंतपणाच्या बिलांच्या जोडीला. मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमासंरक्षण द्यावे असे 2017 चा कायदा सांगतो, पण आमच्या पॉलिसीत रुग्णालयात दाखल होण्याचाच खर्च धरलेला असल्याने समुपदेशनाची पावती परत आली. ज्यांच्या पॉलिसीत ओपीडीचा लाभ आहे त्यांनी मात्र दावा जरूर करून पाहावा. त्यासाठी पावतीवर तज्ज्ञाचे नाव, नोंदणी क्रमांक आणि सत्राची तारीख हवी, आणि आमच्या सेवेची पावती निव्वळ ‘सदस्यता शुल्क’ एवढ्याच नावाची होती.

मुदत संपल्यावर मी पॅकेज पुढे चालू ठेवले नाही. औषध हळूहळू कमी करण्याचा टप्पा आता महापालिकेच्या त्याच रुग्णालयात चालू आहे, कारण थोरलीची शाळा आणि धाकटीचे पाळणाघर यांमुळे सकाळी निघणे जमू लागले आहे. तिथल्या डॉक्टरांनी मागितलेली पहिली गोष्ट म्हणजे वर्षभराच्या उपचारांचा सारांश. स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळणे हा त्याच कायद्याने दिलेला हक्क आहे, तरी सेवेकडून तो दोन पानी कागद काढून घ्यायला पुष्कळ ईमेल लिहावे लागले. सेवा सोडणाऱ्यांनी तो मुदत संपण्यापूर्वीच मागून घ्यावा. मुदत संपली त्याच रात्री माझे लॉगिन बंद झाले होते.